फवारणी थांबवली, मग काय केलं: कोथरूडच्या सोसायटीतल्या बागेच्या नोंदी

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, वेताळ टेकडीच्या उताराला लागून आहे. चार विंग, मधे बाग, मागे दगडी कंपाउंड आणि त्यापलीकडे टेकडीची झाडी. पावसाळा सरत आला की बागेत गोल जाळी विणणारे कोळी डोळ्यांत भरण्याइतके मोठे होतात आणि दरवर्षी "एकदाचं फवारून टाका" अशी मागणी येते. या वर्षी फवारणी न करता काम भागतं का, हे करून बघायचं ठरलं. बागेची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे नोंदीही मीच ठेवल्या. दुसऱ्या एखाद्या सोसायटीला हेच करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून त्या तारखेनुसार देत आहे. फसलेले उपाय आणि खर्च त्यातच आहेत.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

मासिक सभेत विषय निघाला. बी विंगमधल्या सहावीतल्या मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठला आहे. त्याच्या आजीचं म्हणणं, रात्री अंगावर कोळी मुतला. तळमजल्यावरच्या लॅब्रेडॉरच्या तोंडाला फेस आला होता, त्याने बागेतला कोळी खाल्ला असणार असा घरच्यांचा अंदाज. आणि पहाटे फिरायला निघणाऱ्या सगळ्यांची एकच तक्रार: जाळं तोंडावर येतं. पेस्ट कंट्रोलचं कोटेशन आधीच आलेलं होतं. बाग, कंपाउंड आणि जिने, तीन फवारण्या मिळून ९,५०० रुपये.

मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. मिळाली, पण अटीवर: बागेतला कोळी चावल्याची एक जरी घटना झाली तरी फवारणी लगेच. त्यासाठी वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवली. कोणाला, कधी, अंगावर कुठे, चावणारा डोळ्यांनी दिसला का, दुसऱ्या दिवशी काय स्थिती. यातला "डोळ्यांनी दिसला का" हा रकाना सोडू नका. सकाळी उठल्यावर दिसलेला प्रत्येक लाल फोड कोळ्याच्या नावावर जमा होतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

३ सप्टेंबर

काय काय आहे ते आधी पाहिलं. सकाळी उजेडात एक फेरी, रात्री टॉर्च घेऊन दुसरी. दोन्ही लागतात, कारण दिवसा दिसणारे आणि रात्री विणणारे वेगळे.

जास्वंद आणि कर्दळीच्या मधे सिग्नेचर स्पायडर. शास्त्रीय नाव आर्जिओपी. मादी जाळ्याच्या मध्यावर डोकं खाली करून बसते. आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेले, पोटावर पिवळे, काळे आणि रुपेरी आडवे पट्टे. पायांच्या रेषेतच जाळ्यावर पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिवण. नर इतका लहान की कडेला बसलेला तपकिरी ठिपका वाटतो. आपल्याकडे लोक घाबरतात ते बहुतेक हिलाच, कारण ती भर दिवसा, मधोमध, रंगीत बसलेली असते.

दिव्याच्या खांबांपाशी निओस्कोना. हे मातकट रंगाचे, दिवसा पानाआड पाय गोळा करून बसतात, अंधार पडला की विणायला घेतात. कुंड्यांच्या कडेला जवळजवळ आडवी जाळी आणि त्यात हिरवट-चंदेरी बारीक ल्यूकॉज. डुरांटाच्या कुंपणात सिर्टोफोराचे तंबू. त्यांचं जाळं चिकट नसतं आणि ते रोज नव्याने विणतही नाहीत.

विष यांच्यापैकी प्रत्येकाला आहे, हे सभेत मी स्पष्ट सांगितलं होतं. ते लपवून उपयोग नाही. पण ते माशी-नाकतोड्याला गार करण्यापुरतं. माणसाला चावला तर त्या जागी दुखतं, लाल होतं, थोडं सुजतं, खाजतं. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतं. चावायला त्याला कारणही लागतं. बहुतेक वेळा तो हातमोज्यात, कपड्यात किंवा बोटांत दाबला गेलेला असतो. नुसतं जाळं हललं तर कोळी धाग्यावरून खाली सुटतो किंवा पानाकडे पळतो. डोळे अधू, सगळं कळतं ते धाग्याच्या थरथरीवरून, त्यामुळे माणसावर चाल करून येण्याचा प्रश्न येत नाही.

मीटर रूम आणि जिन्याखालची अडगळ मुद्दाम वेगळी तपासली. ब्राऊन विडो हा विधवा कोळ्यांच्या गटातला कोळी भारतातही नोंदला गेलेला आहे आणि तो बागेतल्या या मंडळींपैकी नव्हे. त्याचं जाळं गोल नसतं, कोपऱ्यात वेडेवाकडे धागे असतात. त्याची अंड्यांची पिशवी सहज ओळखू येते, गोल आणि सगळीकडून बारीक काटे असलेली. पोटाखाली वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा नारिंगी डाग. आमच्याकडे असं काही मिळालं नाही. लांब पायांचे, धक्का लागला की थरथरणारे घरकोळी मिळाले, ते निरुपद्रवी. तुम्हीही ही तपासणी आधी करा, हात न घालता, टॉर्चने.

९ सप्टेंबर

पहिला उपाय: पायवाटेवरची जाळी रोज पहाटे झाडूने काढणं. गणपतीचे दिवस, बागेत लाल-पांढऱ्या माळा लावलेल्या, सोसायटीत पाहुण्यांची वर्दळ, त्यामुळे काहीतरी ताबडतोब करायला हवं होतं. माळीकाकांनी आठवडाभर नेमाने काढली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच उंचीला नवं जाळं.

कारण रात्री बसून पाहिल्यावर कळलं. निओस्कोना स्वतःच पहाटेआधी जाळं गुंडाळून खातो. त्यातली प्रथिनं पुन्हा धाग्याच्या कामी येतात. म्हणजे आम्ही काढत होतो ते त्याने तसंही काढलंच असतं. कोळी पानामागे शाबूत, आधाराची टोकं तीच, दिव्यावर किडे तेच. मग तो जागा का सोडेल? या उपायात गेला तो आठवडा वाया गेला आणि माळीकाकांचं गवत कापणं राहिलं.

११ सप्टेंबर

दुसरा उपाय: कोळी उचलून मागच्या कंपाउंडला नेणं. लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी आणि एक जाड पुठ्ठा. बरणी समोरून, पुठ्ठा मागून, मधे जाळ्याचा तुकडा आणि कोळी. हात लावायचा नाही. आर्जिओपीला काडीवर घेऊन नेणं सोपं पडतं, ती काडीला घट्ट धरून राहते.

नेलेल्या आर्जिओपींपैकी बऱ्याच मागे स्थिरावल्या. पण दिव्याखालच्या निओस्कोनांना हलवून फायदा झाला नाही. जागा रिकामी झाली की शेजारच्या झुडपातला दुसरा तिथे येतो. जोवर दिवा किडे गोळा करतोय तोवर ती जागा भरत राहणार. इथे आमचं लक्ष कोळ्यावरून दिव्याकडे गेलं.

१४ सप्टेंबर

मानेवरच्या पट्ट्याचा उलगडा. त्या मुलाला त्याच्या आईने त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पाहताच सांगितलं की हा कोळी नाही, पेडेरस आहे. हा एक छोटासा किडा. आईने मला फोन केला आणि आम्ही दोघांनी रात्री त्यांच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली शोधलं. भिंतीवर सापडला. साधारण एक सेंटिमीटर लांब, पहिल्या नजरेत मुंगीच वाटावी असा सडपातळ. आळीपाळीने नारिंगी आणि काळा, पाठीवर निळसर चमकणारे आखूड पंख, शेपूट वर उचलून चालणारा.

तो चावत नाही, डंख मारत नाही, मुतत तर नाहीच. झोपेत मानेवर आला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन हे रसायन कातडीला लागतं. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी आग, लाली आणि बारीक पाण्याचे फोड येतात. हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने पट्टा उमटतो. कोपरासारख्या घडीत आला तर समोरासमोरच्या कातडीवर जोडीने डाग पडतात. लगेच साबणाने धुतलं तर बराच त्रास वाचतो. डोळ्याला लागला तर मात्र डॉक्टरांकडे जायचं.

आजींना मी किडा बाटलीत घालून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "आमच्या गावाला हे चिकार असायचे कंदिलापाशी. आम्ही उगाच त्या कोळ्याला धरून बसलो." वहीत पहिली नोंद अशी पूर्ण झाली. हा किडा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत पांढऱ्या प्रखर दिव्यावर येतो. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन झटकायचा, अंगावर चिरडायचा नाही, एवढी सूचना चारही लिफ्टमध्ये लावली. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त लोकांच्या उपयोगी पडलेला कागद तोच.

१८ सप्टेंबर

लॅब्रेडॉरचा फेस. काल अनंत चतुर्दशी, वॉचमनमामा रात्रभर जागे होते. रात्री घरच्यांनी कुत्र्याला खाली आणलं तेव्हा त्याने कर्दळीच्या बुडातून काहीतरी तोंडात धरलं आणि लगेच थुंकून डोकं झाडायला लागला, तोंडातून लाळ आणि फेस. मामांनी टॉर्च मारला. भेक होता, फुगून बसलेला. भेकाच्या कातडीतून, विशेषतः डोळ्यांमागच्या गाठींतून, विषारी स्राव येतो आणि तो कुत्र्याच्या तोंडाला लागला की असंच होतं. गोल जाळ्यातला कोळी कुत्र्याने खाल्ला तरी सहसा काहीच होत नाही. फार तर तोंडाला चिकटलेले धागे काढायला तो पंजा मारत राहतो.

व्हेटनी सांगितलेलं इथे देतो, कारण पावसाळ्यात कुत्रा असलेल्या घराला हे माहीत हवंच. तोंड खाली, एका बाजूला करून हिरड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही. झोक जाणं, झटके, सुस्ती यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना. तोंड अचानक सुजलं तर मधमाशी किंवा गांधीलमाशीचा संशय आधी घ्यायचा. आता रात्री त्या कुत्र्याला कर्दळीकडे सोडत नाहीत.

२६ सप्टेंबर

कालच्या पावसाने पुण्याची दाणादाण उडवली. बागेत गुडघाभर पाणी नव्हतं, पण एकही जाळं शिल्लक राहिलं नाही. आज सकाळी आर्जिओपींनी पुन्हा विणायला घेतलं, काहींची जाळी नेहमीपेक्षा लहान.

संध्याकाळी ए विंगच्या कोपऱ्यावर निओस्कोनाचं विणकाम सुरुवातीपासून पाहायला मिळालं. पाच-सहा मुलं आणि दोन आजोबा होते. आधी वाऱ्यावर सोडलेला एक धागा समोरच्या फांदीला लागला. मग चौकट, मग मध्यातून बाहेर जाणारे आरे. त्यानंतर आतून बाहेर विरळ, कोरडी चक्राकार फेरी, जी फक्त पायाडासारखी असते. चिकट धागा शेवटी येतो, बाहेरून आत. मागचा पाय धागा ओढतो, आऱ्यावर टेकवतो, पुढे सरकतो, आणि वाटेत ती कोरडी फेरी खात खात जातो. पाऊण तासात जाळं उभं. मुलांपैकी ज्याच्या मानेवर पट्टा उठला होता तो सगळ्यात पुढे होता.

२९ सप्टेंबर

सी विंगमधल्या एका घराने सभेची वाट न पाहता आपल्या टेरेसवर खासगी फवारणी करून घेतली. डब्यावर सायपरमेथ्रीन लिहिलेलं होतं. त्याच टेरेसवर कमळाच्या टबात डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडलेले. दुसऱ्या दिवशी सगळे उलटे तरंगत होते. मधुमालतीखाली मधमाश्या पडलेल्या. पायरेथ्रॉइड गटातली ही औषधं मासे आणि मधमाश्यांना फार जहाल असतात. याच गटातलं परमेथ्रीन मांजरांना धोक्याचं, कारण त्यांच्या यकृताला ते नीट निपटता येत नाही. आमच्या आवारात मांजरं आहेत, ती ओली फरशी तुडवून पंजे चाटतात.

त्या घरच्यांना मी दोष दिला नाही. त्यांच्या घरी नऊ महिन्यांचं बाळ आहे आणि त्यांना खरोखर भीती वाटत होती. पण बाळाच्या रांगायच्या फरशीवर औषध पडणं, हे गॅलरीबाहेरच्या जाळ्यापेक्षा मोठं संकट आहे, हे मी त्यांना बसून सांगितलं. टबातलं पाणी बदलून नवे गप्पी आणले. एक गोष्ट मात्र कोणालाही सांगताना ताणू नका: कोळी ठेवले म्हणून डास संपत नाहीत. डेंग्यूचे दिवस आहेत, साचलेलं पाणी काढणं हे वेगळं काम आहे आणि ते करावंच लागतं.

३ ऑक्टोबर

वहीत खरी नोंद झाली. माळीकाका सकाळी शेडमध्ये टांगलेले रबरी हातमोजे घालत होते, तर्जनीत टोचलं. मोजा उलटा केला तर आतून निओस्कोना पडला. डोळ्यांनी दिसला, हो. बोट लाल, एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा गरम. साबणाने धुतलं, कापडात गुंडाळून बर्फ लावला. दुपारी खाज, संध्याकाळी नुसता ठिपका. काकांचं म्हणणं, "मुंगळा चावतो तेव्हा याहून ठणकतं."

अट तर होती, चावला की फवारणी. काहींनी सुचवलं की इतकी किरकोळ गोष्ट वहीत कशाला. पण नोंद खोडली तर वही निरर्थक, आणि उद्या खरंच कोणाला त्रास झाला तर आमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी लिहिलं आणि सचिवांना स्वतः दाखवलं.

६ ऑक्टोबर, रविवार

तातडीची सभा. माळीकाका स्वतः आले आणि बोट दाखवून म्हणाले, मोजे झटकून घालायचे एवढंच, औषध मारलं तर ते श्वासातून मलाच जाणार. एका निवृत्त काकांनी मोबाइलवर सडलेल्या हाताचा फोटो दाखवला, जो दरवर्षी फिरतो. अशा फोटोंखाली बहुतेक अमेरिकेतल्या ब्राऊन रिक्लूज या कोळ्याचं नाव असतं. तो गोल जाळं विणतच नाही. आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये कोळी चावल्याच्या ७५० पक्क्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक घटनेत चावलेला कोळी पकडून ओळखलेला, आणि त्यात गोल जाळी विणणाऱ्यांचा वाटाही चांगला मोठा. कातडी सडल्याची एकही खात्रीची घटना त्यात निघाली नाही. चिघळलेली जखम दिसली की जंतुसंसर्ग, मधुमेह अशी कारणं आधी तपासायची असतात.

दुसऱ्या ताईंनी ताम्हिणीत काढलेला जायंट वूड स्पायडरचा फोटो दाखवला, हाताच्या पंजाएवढा. तो इकडे आला तर? नेफिला पिलिपेस त्याचं नाव, सह्याद्रीच्या जंगलात भरपूर, सोनेरी झाक असलेलं भलंमोठं जाळं. त्यात क्वचित एखादा लहान पक्षी अडकतो हे खरं. माणसाला चावलाच तर त्याचाही त्रास जागेपुरताच.

अट बदलली. आता "डॉक्टरांकडे न्यावं लागलं तर" फवारणीचा विचार. डॉक्टरांकडे कधी न्यायचं तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर पित्त उठणं, उलट्या, घाम, पोटात किंवा पाठीत कळा, पसरत जाणारी सूज, ताप. लहान बाळ असेल तर यातलं काही नसलं तरी दाखवून यायचं.

८ ऑक्टोबर

दिव्यांचं काम. पायवाटेवरचे पांढरे प्रखर दिवे काढून पिवळसर उजेडाचे नऊ वॉटचे एलईडी लावले. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात, पिवळसर उजेडाकडे कमी. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून १६ बल्ब, ९० रुपयाला एक, १,४४० रुपये. उजेड खालीच पडावा म्हणून पत्र्याच्या टोप्या करून घेतल्या, ९६० रुपये. इलेक्ट्रिशियन ७०० रुपये.

जिन्यात मोशन सेन्सरही लावून पाहिले, दोन नग, ९०० रुपये. ते जमलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पायरीवर पाऊल पडेपर्यंत अंधार राहायचा, ते घसरता घसरता वाचले. त्याच दिवशी काढले. ज्या इमारतीत वयस्क लोक आहेत तिथे या वाटेला जाऊ नका, नुसता पिवळा बल्ब पुरतो.

१३ ऑक्टोबर

सर्वांत परिणामकारक काम हे निघालं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. गोल जाळ्याला समोरासमोर दोन आधार लागतात. पायवाटेच्या एका बाजूला तगर, दुसऱ्या बाजूला जास्वंद, दोन्हींच्या फांद्या वाटेवर झुकलेल्या. म्हणून जाळं नेमकं वाटेवर, चेहऱ्याच्या उंचीला. काल दसऱ्याची सुट्टी धरून माळीकाकांनी जास्त वेळ दिला, ६०० रुपये. वाटेच्या फक्त एका बाजूच्या फांद्या खांद्याच्या वरपर्यंत मागे छाटल्या. दोन्ही बाजू बोडक्या करायची गरज नाही. कपडे वाळवायची एक जुनी दोरी वाटेवरून गेलेली होती, तीही काढली.

बदल्यात कोळ्यांना आत जागा हवी म्हणून बुरूड आळीतून दहा बांबू आणले, ८०० रुपये, आणि वाफ्याच्या आत जोडीजोडीने, चार फुटांवर रोवले. पहिल्या जागा पाण्याच्या पाइपच्या मार्‍यात येत होत्या, रोज जाळी तुटायची. दोन फूट आत सरकवल्यावर वस्ती झाली. आर्जिओपींना बांबूपेक्षा कर्दळ आणि अडुळसाच आवडतो असं दिसतं. बांबू बहुतेक निओस्कोनांनी घेतले.

२० ऑक्टोबर

क्लब हाउसच्या खिडकीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, रंगकामासाठी ते काढावं लागलं. फोडल्यावर आत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात दाटीने भरलेले छोटे कोळी. ल्यूकॉज ओळखता आले, हिरवट चमक अजून होती. चिमट्याने उचलला तर पाय किंचित हलत होते. माशी डंख मारून त्यांना लुळं करते, मारत नाही, म्हणजे तिच्या अळीला अन्न ताजं मिळतं. कोळ्यांची संख्या बेसुमार वाढेल म्हणून काळजी करणाऱ्या तीन-चार जणांना मी हा तुकडा दाखवला. पक्षी, पाली आणि या माश्या मिळून ते काम करत असतात, आणि फवारणीत आधी याच माश्या मरतात.

अडुळशाच्या पानामागे आर्जिओपीची अंड्यांची पिशवी मिळाली. "हजार पिल्लं घरात घुसतील," असं एक काकू म्हणाल्या. अंडी शेकड्यांनी असतात हे बरोबर. पण पिल्लं बाहेर आली की बारीक धागा वाऱ्यावर सोडून दूरवर उडून जातात आणि त्यातली फार थोडी मोठी होतात. काकूंच्या खिडकीजवळची फांदी तेवढी कापून पिशवीसह मागच्या कंपाउंडला बांधली. त्यांचं समाधान झालं, पिशवीचंही काही बिघडलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली, मुदत संपली, सभेत हिशेब मांडला. बल्ब १,४४०, टोप्या ९६०, इलेक्ट्रिशियन ७००, वाया गेलेले सेन्सर ९००, छाटणी ६००, बांबू ८००. एकूण ५,४०० रुपये. यातले दिवे आणि टोप्या पुढची काही वर्षं चालतील, फवारणीचे ९,५०० दरवर्षी गेले असते.

वहीत कोळ्याने चावल्याची पक्की नोंद एकच, माळीकाकांची. पेडेरसच्या आणखी दोन. डी विंगमधल्या एका ताईंच्या पोटरीवरच्या फोडाचं कारण लागलं नाही, चावणारं काही दिसलं नव्हतं, तसंच लिहून ठेवलं आहे. पायवाटेवर चेहऱ्याला जाळं लागल्याची तक्रार छाटणीनंतर जवळपास थांबली. पेडेरस कमी झाले त्याचं सगळं श्रेय दिव्यांना देणार नाही, थंडी पडू लागली की ते तसेही कमी होतात. दिव्यांचा खरा कस पुढच्या पावसाळ्यात लागेल.

मोठ्या आर्जिओपी आता एकेक करून नाहीशा होत आहेत, पिशव्या मागे राहिल्या आहेत. फवारणीचं कोटेशन नाकारल्याचं इतिवृत्तात आलं. पुढच्या वर्षी छाटणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जाळी मोठी होण्याआधी करायची, पेडेरसचा कागद जूनमध्येच लावायचा आणि माळीकाकांचे मोजे शेडमध्ये न टांगता झाकणाच्या डब्यात ठेवायचे, एवढं ठरलं. मागच्या फाटकाजवळचा पांढरा दिवा मात्र राहिला आहे. त्याचं होल्डर गंजून खांबाला बसलंय, इलेक्ट्रिशियन पुढच्या शनिवारी कटर घेऊन येणार आहे.